मिरचीचा बाप्तिस्मा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच! ताटं वाढून झाली, घास तोंडात जायच्या आत जावई म्हणाला, "बाबा, मूल निष्पाप असतं." हे म्हणाले, "मूल गोड असतं. निष्पाप नसतं." झाली सुरुवात! जेवण गार.

मिरची तिकडे हॉस्पिटलात काचेच्या पेटीत पडलीय, हृदयाला भोक घेऊन, आणि हे दोघे पार आदामापर्यंत मागे जाऊन भांडतायत. नात माझी. नाव अजून नाही. आमच्याकडे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवतात आणि तिथेच सगळं अडलंय. लालबुंद तोंड करून जन्मली म्हणून लेक म्हणाली, "अगं, ही तर मिरची!" तेच चिकटलं.

हे पाळक. यांच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावून बाप्तिस्मा देतात — जन्मतःच पाप लागलेलं असतं, ते धुवायला. जावयाच्या मंडळीत तसलं काही नाही. तिथे मूल मोठं होतं, त्याला बरंवाईट कळायला लागतं, ते स्वतःच्या तोंडाने मागतं, मग त्याला हौदात पूर्ण बुडवतात. प्रभू दोन्हीकडे एकच. पण हे दोघे बोलायला लागले की वाटतं दोन असावेत!

त्यात जावई प्लंबर. दिवसभर पाण्यात हात आणि पोरीच्या कपाळाला थेंब नको. मी एकदा थट्टेत म्हटलं तर तो हसला. हे नाही हसले.

पाय सुजलेत. पुरे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, पुढच्या शनिवारी ऑपरेशन. "धोका आहे, खोटं सांगणार नाही." एवढंच म्हणाले आणि लेकीकडे बघायचं टाळून निघून गेले.

यांना आता एकच घोर. घरी येताना रस्ताभर — "तशीच गेली तर?" मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नका. तर म्हणे, "मी तेच बोलतोय. बोलायलाच हवं."

संध्याकाळी जावई आला. त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "तशीच गेली तर सरळ प्रभूच्या मांडीवर जाईल. त्याने पोरांना जवळ घेतलं तेव्हा आधी कपाळं तपासली होती का?" मला फिसकन हसू आलं. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच फितूर!

मग जावई म्हणतो, "आई, तुम्हाला काय वाटतं?"

इतकी वर्षं या घरात पापपुण्याच्या चर्चेला मी चहा पुरवला. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं तर माझ्यापाशी तयारच नव्हतं! म्हटलं, मला वाटतं पोरीचं वजन वाढायला हवं. आणि भांडी घासायला गेले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वजन वाढलं. थोडंसंच. पण वाढलं!

रविवार, ९ फेब्रुवारी

रविवारच्या शाळेत यांनी नेमका तोच धडा घेतला. आदामाने आज्ञा मोडली, त्याचं पाप वारशाने सगळ्यांना आलं, अगदी आज जन्मलेल्या बाळालाही. मी मागे बसून रंगखडू निवडत होते. खारूताई — पुढचे दात पडलेली ती, सारखी टुणटुण उड्या मारणारी — हात वर करून उभी. "पाळकसाहेब, मग बाळाला शिक्षा काय? त्याला तर कोपऱ्यात उभंही करता येत नाही!"

सगळा वर्ग खिदळला. यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "रंगवा आता." इतक्या लवकर कधी सोडत नाहीत पोरांना.

वाटेत म्हणाले, "उत्तर आहे माझ्याकडे. पोरांना समजेल असं नाही." मी म्हटलं, मला समजेल असं आहे का? तर झपझप पुढे निघाले.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज जे व्हायला नको होतं ते झालं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. हे जावयाला समजावत होते — आवाज न चढवता, हे कबूल. "पाप म्हणजे तिने काही केलं असं नव्हे रे. ती अवस्था आहे. तिच्या हृदयाचंच बघ. भोक तिने पाडलं का? नाही. पण आहे ना? आई-बापाच्या रक्तातून आलं, जन्मतः आलं. म्हणून तर ऑपरेशन लागतं!"

खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता. आणि मी वर पाहिलं तर दारात लेक उभी. दुधाची बाटली हातात.

एवढंच म्हणाली, "आई-बापाच्या रक्तातून." आणि बाटली सिस्टरांच्या हातात देऊन बाहेर निघून गेली.

यांचा चेहरा उतरला. मागे धावले नाहीत. धावायला हवं होतं. मी धावले, या गुडघ्यांनी!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लेक आत जात नाही. पेटीला बाजूने दोन भोकं असतात, त्यातून हात घालून बाळाला धरू देतात. रोज तासनतास धरून बसायची. आज काचेबाहेर खुर्ची टाकून बसली, हात मांडीवर.

दुपारी मला विचारलं. माझ्याकडे न बघता. "आई, माझ्यामुळे झालं का गं हे? मी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला म्हणून?"

लग्नाआधी जावयाच्या मंडळीत तिने हौदातला बाप्तिस्मा घेतला होता. हे तेव्हा ओरडले नाहीत, रागावले नाहीत. फक्त म्हणाले होते, "मी दिलेला पुरला नाही का?" तेव्हापासून ती गोष्ट घरात ठाण मांडून बसलीय, उठायचं नावच घेत नाही.

मी म्हटलं, नाही गं राणी, असं काही नसतं. पाळकाची बायको मी, आणि एक धड वाक्य सुचलं नाही. तिला हवं होतं तितकं ठाम तर मुळीच बोलता आलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, आईने हात लावायला हवा, त्याने बाळाचा श्वास बरा राहतो. लेकीने ऐकलं. उठली नाही. पुटपुटली, "माझं लागेल तिला."

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजही आत गेली नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मी आज दोघांवर ओरडले. हॉस्पिटलात! वॉर्डबॉय बघत राहिला. म्हटलं, तुमचे आदाम-हव्वा गेले चुलीत! माझी लेक पोरीला शिवत नाहीये, ते बघा आधी. परवा ऑपरेशन. काय ते एकदाचं ठरवा नाहीतर मी तुम्हा दोघांना इथून हाकलून देईन.

जावई लेकीसमोर उकिडवा बसला. "तू म्हणशील तसं." ती म्हणाली, "बाबांना करू दे. मला आता काही कळत नाही. पण कुणीतरी काहीतरी करू दे. नाव मागाहून ठेवू." जावयाने मान हलवली, उठला आणि जिन्यात जाऊन बसला. त्याच्या पाठीकडे बघवेना.

मोठ्या सिस्टरांनी बाहेरचं पाणी आत न्यायला साफ नकार दिला. "पाळकसाहेब असोत नाहीतर कुणी, जंतूंना काय कळतं?" मग स्वतःच कपाटातून एक कुपी काढून दिली — निर्जंतुक पाण्याची, बोटाएवढी, प्लास्टिकची. इंजेक्शनं कालवायला वापरतात. मान मोडली की उघडते. "कापसावर दोन थेंब. जास्त नाही." यांनी कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन चढवला, आत गेले. एकावेळी एकालाच सोडतात.

बऱ्याच वेळाने बाहेर आले. कुणाकडे बघितलं नाही. लेकीने विचारलं, "झालं, बाबा?" यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि ती उठली! हात धुतले, आत गेली. काचेतून पाहिलं — दोन्ही हात पेटीत, आणि मिरचीने तिचं बोट घट्ट धरलेलं. मला रडू आवरेना. ती बाहेर आल्यावर जावई जिन्यातून आला आणि तोही आत जाऊन बसला.

खूप दिवसांनी लेक माझ्या हातचं पोटभर जेवली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

देवा, हे काय ऐकवलंस!

सकाळी हे दाढी करता करता थांबले. साबण तसाच गालावर. "झालं नाही ते," म्हणाले. मला कळेना. "काय झालं नाही?"

"बाप्तिस्मा. कुपी हातात होती. प्रार्थना म्हटली. मग ते वाक्य येतं ना, पापात जन्मल्याचं... तिथे अडलो. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यभर म्हणत आलोय मी ते! किती पोरांवर म्हटलं. ट्रेवर कुपी तशीच ठेवली आणि आलो."

म्हटलं, मग परत जा! अजून वेळ आहे. तर मान हलवली. "आता माझ्याने नाही होणार."

"आणि लेकीला काय सांगितलंत?"

"काहीच नाही सांगितलं. तीच तसं धरून चालली."

एवढा राग आला मला! आणि एवढी दयाही. इतका म्हातारा कधी दिसला नव्हता हा माणूस. टॉवेल दिला, म्हटलं, तोंड पुसा.

जीव धोक्यात असला की कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे यांनीच मला शिकवलंय. म्हटलं, मग मीच करते. माझी पाळी आली तशी हात धुऊन आत गेले. ट्रेवर कुपी नव्हती. सिस्टरांनी आवरताना टाकली असेल. दुसरी मागावी तर बोभाटा होणार, लेकीच्या कानावर जाणार, आणि ती पुन्हा काचेबाहेर जाऊन बसणार. उभी राहिले नुसती. मिरची झोपली होती. कपाळ केवढंसं! मला विचाराल तर त्यावर काही दिसलं नाही. पण मी कुठली पंडित.

म्हटलं, जा बाई, तुझं आणि त्याचं तुम्ही दोघं बघून घ्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी नेली. दिवसभर बाकावर. जावयाने यांना पाणी आणून दिलं, स्वतःचा स्वेटर पाठीमागे घडी करून लावला. यांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. कुणी कुणाशी वाद घातला नाही. लेक म्हणाली, "बाबांनी बाप्तिस्मा दिलाय, म्हणून मला धीर आहे." हे जमिनीकडे बघत बसले.

वाचली! भोक बुजवलं. डॉक्टर या वेळी लेकीकडे बघून बोलले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मिरची घरी आली. आमच्याकडेच, लेकीला विश्रांती म्हणून. रडते आता, चांगली भोकाड पसरून! घर डोक्यावर. मला वाटलं होतं आता माझा शीण उतरेल. कुठलं काय! लेक प्रत्येक आल्यागेल्याला सांगते, बाबांनी बाप्तिस्मा दिला आणि पोर तरली. आणि हे दर वेळी उठून दुसऱ्या खोलीत जातात. जेवत नाहीत धड. कालचा उपदेश तब्येतीच्या नावाखाली दुसऱ्याला दिला.

आज म्हणाले, "या रविवारी उपासनेनंतर तिला सगळं सांगणार." मी हात जोडले. आत्ता कुठे पोरीला बिनधास्त उचलते ती! ऐकलं की पहिला विचार काय येईल तिच्या मनात? पुन्हा तेच — माझंच काहीतरी. हे म्हणाले, "माझ्या खोट्यावर उभी आहे ती. मला बघवत नाही."

दोघांचंही खरं. मी कुणाची बाजू घेऊ? थकले मी आता.

शनिवार, १ मार्च

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. जावई सिंकखाली आडवा पडून दुरुस्त करत होता, नुसते पाय बाहेर. तिथूनच म्हणाला, "आई, एक बोलू? बाबांना कळू देऊ नका. त्या गुरुवारी मी शेवटी आत गेलो ना, तर कुपी ट्रेवर तशीच होती. बंद. घाबरले असतील, राहून गेलं असेल बिचाऱ्यांचं. मग मीच मोडली. कपाळाला लावलं. पिता, पुत्र, सगळं म्हटलं."

मी ओट्याला धरून उभी. "अहो, पण तुमचा तर विश्वासच नाही त्यावर!"

"नाहीच आहे," तो म्हणाला. "तो पाना द्या जरा."

पाना दिला. बाहेर अंगणात हे उद्या लेकीला काय सांगायचं ते पुटपुटत येरझाऱ्या घालत होते. दारात जाऊन मी हाक मारली — अहो, आत या.