मुलाखतीला सोडायला

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

सतराव्या किकला गाडी सुरू झाली! मोजत होतो. तेहेतीस वर्षं गणित शिकवलं, रिटायर झालो तरी मोजायची खोड जात नाही.

काल भार्गवी म्हणाली, उद्या हुबळीला देशपांडे नगरात मुलाखत आहे, बसमध्ये साडी चुरगळते, तुम्ही सोडाल का अप्पा? म्हटलं, सगळं जग बसने जातं. ती दारातच उभी राहिली. ही तिच्या आईची, शांताची पद्धत. भांडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मग काय करणार?

शांता नोव्हेंबरात गेली. तेव्हापासून गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली होती आणि मी पुढच्या खोलीत खुर्चीवर. दूध, भाजी, लायब्ररीतली पुस्तकं, सगळं लेकच आणते. काल दिवसभर प्लग पुसला, टाकी धुतली, हवा भरून आणली. सकाळी आवाज ऐकून समोरच्या जयलक्ष्मी अक्का फाटकात आल्या. "एन्री सर, गाडी होरग बंतल्ल!" गाडी बाहेर आली याचं त्यांनाच जास्त कौतुक.

मुलाखत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवण्याची होती. इंजिनियर मुलीला हे काम म्हणजे — पण सुरुवात म्हणून ठीक. गेल्या वर्षी कॉलेजात बंगळूरची कंपनी मुलाखती घेऊन गेली होती, त्याचं पुढे काही झालं नाही म्हणे. पंचावन्न मिनिटं आधी पोचलो. "बरी झाली," एवढंच म्हणाली बाहेर आल्यावर.

१३ जानेवारी

कालचं एक लिहायचं राहिलं. येताना नवलूरला पेरू घेतले. दोन मी एकट्याने खाल्ले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

२८ जानेवारी, गुरुवार

गोकुळ रोडच्या एका कारखान्यात मुलाखत. या वेळी पूर्ण तयारीने! नोकरी अर्धी ज्ञानावर मिळते आणि अर्धी दारातून आत शिरतानाच्या दोन मिनिटांवर, हे माझं ठाम मत. धारवाडहून हुबळीपर्यंत वीस किलोमीटर धूळ आणि वारा खाऊन मुलगी आत गेली तर साहेबाला काय दिसणार? केसांचा झाडू. म्हणून माझा जुना रेनकोट तिला पुढून उलटा घालायला लावला, डोक्याला शांताचा स्कार्फ, सर्टिफिकिटांची फाईल मांडीवर दोन्ही हातांनी धरायची. वेग चाळीसच्या वर नाही. ट्रकवाले शिव्या देऊन पुढे गेले. जाऊ देत.

रस्ताभर प्रश्न विचारले. ट्रान्झिस्टर म्हणजे काय, तुमचे दोष सांगा, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? मी मान वळवून ओरडायचो, ती कानाशी ओरडून उत्तर द्यायची. रायापूरला एक बैलगाडीवाला बघतच राहिला. पाच वर्षांनी कुठे असशील याला म्हणाली, "सप्तापूरलाच, आपल्या घरी, अजून कुठे?" म्हटलं, हे उत्तर बरोबर नाही, महत्त्वाकांक्षा दिसली पाहिजे.

गेटच्या अलीकडे वळणावर थांबवून गाडीच्या आरशात केस नीट करायला लावले. मी गाडी तिथेच लिंबाखाली ठेवणार होतो — एवढी जुनी गाडी, धूर, आवाज, बघणाऱ्याचं मत उगीच वाईट व्हायचं. पण हिने ऐकलं नाही. "गेटपर्यंत या अप्पा. तुम्ही दिसलात की मला धीर येतो." आलो. पुढे वेगळीच गंमत झाली. मुलाखत घेणारे साहेब स्वतःच बाहेर आले आणि गाडीभोवती फिरायला लागले. त्यांच्या वडिलांकडे अशीच होती म्हणे. अर्धा तास बोलत उभे. मी पण बोललो, चोकपासून चेनपर्यंत! इतकं मी डिसेंबरात महिनाभरात बोललो नसेन.

घरी आल्यावर लक्षात आलं, मुलाखत तिची आणि शर्टाला इस्त्री माझ्या.

१६ फेब्रुवारी

विद्यानगर. तिसरी. "कळवतो म्हणालेत." सगळेच कळवतो म्हणतात.

२१ फेब्रुवारी, रविवार

अळणावरहून अंबूताई आली. माझी थोरली बहीण, तिच्यापुढे मी अजून इयत्ता चौथीतच. जेवताना तिने विषय काढला. बेळगावचं स्थळ आहे, मुलगा बँकेत, माणसं चांगली. "मुकुंदा, पोरीला गाडीवरनं नुसतं हिंडवत बसलायस की रे! नोकरी लागायची असती तर लागली असती." मला राग आला. शेवटी ठरलं की एप्रिल संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मे महिन्यात ते लोक बघायला येतील. भार्गवी हो म्हणाली. शांतपणे भात वाढत होती.

तिला अजून लग्न करायचं नाही, हे न सांगता मला कळतं. म्हणजे दोन महिने हातात. तीन ठिकाणी कुणी घेतलं नाही, ते काय चुकलं हे शोधलंच पाहिजे.

९ मार्च, मंगळवार

अमरगोळच्या मार्केट यार्डात मुलाखत. इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनियरला मिरचीच्या बाजारात काय काम? तर म्हणाली, ऑफिसात कॉम्प्युटर आणणार आहेत. आत जाऊन आठ मिनिटांत परत. मिरचीच्या पोत्यांमधून शिंकत शिंकत राघवेंद्र आला, माझा एकोणऐंशी सालचा विद्यार्थी, आता अडतदार. वाकून नमस्कार केला. "सर, आज कसली मुलाखत? आज तर ऑफिस बंद!" म्हटलं, तुला काय ठाऊक, बीजगणितात तरी तुला काय ठाऊक होतं? पोट धरून हसला. त्याने चहा पाजला, जुन्या बॅचच्या पोरांची नावं निघाली. तास कधी गेला कळलं नाही. भार्गवी मधेच म्हणाली, अप्पा, घाई नाही हां.

घाई नाही म्हणे! मार्च लागला.

येताना उणकल तळ्यावर थांबलो. शांताला तिथे थांबायला आवडायचं. घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं, मीच घेऊ देत नव्हतो. आज मीच म्हटलं, तुझ्या आईने एकदा इथे माझ्याशी भांडून पायी निघायचं ठरवलं होतं, धारवाडपर्यंत. भार्गवी हसली, मग रडली. मीही रडलो, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, हेल्मेट हातात घेऊन. लाज वाटली नाही. घरी येऊन दोघं गाढ झोपलो.

२५ मार्च

पाचवी. वॉचमन म्हणाला, इथे आज कुणाला बोलावलेलं नाही. मी त्याला झापलं. भार्गवी तेवढ्यात आत जाऊन आली पण. असले वॉचमन ठेवतात, कंपनीचं काय होणार!

८ एप्रिल, गुरुवार

सहावी. नाही.

आज फार वाईट वागलो. परतताना गाडी थांबवून तिला बोललो. तू तोंड उघडत नसशील, मान खाली घालून बसत असशील, नाहीतर सहा ठिकाणी नाही कसं म्हणतात? शांता असती तर तिने तुला शिकवलं असतं, मला नाही जमलं. मग मनातलं खरं बाहेर पडलं. म्हटलं, दोष तुझा नाही, माझा आहे. म्हातारा बाप, जुनी गाडी, दारातच आपली किंमत कमी होते. पुढच्या वेळी तू बसने जा. मी येणार नाही.

तेव्हा ती एकदम रडायला लागली. "असं नका म्हणू अप्पा. बसने नको. गाडीनेच जाऊ."

मला काही समजलं नाही. साडीची एवढी काय काळजी! पाठीवर हात फिरवत उभा राहिलो. बावीस दिवस उरले.

१२ एप्रिल

मी स्वतः पेपरात बघून दोन जागा शोधल्या. अर्ज माझ्या अक्षरात लिहून ठेवले, तिने फक्त सही करायची. तिने सही केली आणि माझ्याकडे बघत राहिली. काय गं, म्हटलं. काही नाही म्हणाली. चेहरा मात्र काहीतरी सांगायचं असल्यासारखा.

२० एप्रिल, मंगळवार

दुपारी तार आली. भार्गवीच्या नावाची, पण तार म्हटल्यावर थांबलो नाही. फोडली. बंगळूरची ती कंपनी. वडिलांच्या आजारपणामुळे मुदत दुसऱ्यांदा वाढवली आहे, ३ मेला रुजू व्हा, यापुढे मुदत नाही.

आजारी वडील म्हणजे मी!

पत्र मागितलं. तिने ट्रंकेतून काढून दिलं. नेमणुकीचं, ४ जानेवारीचं. पहिल्या मुलाखतीच्या आधी आठ दिवस नोकरी हातात होती. मग तिने एकेक सांगितलं. सहातल्या दोन मुलाखती नव्हत्याच. दोन ठिकाणी तिला घेतलं होतं, तिनेच नकार कळवला.

"मग मला कशाला नेत होतीस?"

"दुसरं काय सांगितलं असतं तर तुम्ही घराबाहेर पडला असता, अप्पा?"

तिला जवळ घेतलं. मग बूट घातले आणि स्टेशनवर जाऊन आलो. शांता गेल्यापासून गाडीवर एकटा आज पहिल्यांदा. तिचं बंगळूरचं तिकीट काढलं. एकच.