तलावाचं पाणी कोणत्या बाजूला

दि. ९ ऑक्टोबर १९७९

श्री. जागेश्वरराव यांस,
आपल्या थकलेल्या भाऊजीचा, म्हणजे श्यामरावाचा, नमस्कार.

जवाहरनगरच्या क्वार्टरात आपण, सौ. पुष्पाबाई आणि लेकरं ठणठणीत असाल. फॅक्टरीची बस वेळेवर येत असेल. (आपलं बरं आहे. भोंगा वाजला की कामाला लागायचं, भोंगा वाजला की सुटायचं. काय ते भोंगा ठरवतो.) इकडे तुमची बहीण कुंता बरी आहे, कालपासून शहापूरला मावशीकडे गेली आहे. म्हैस बरी आहे. मीही आहे. माझ्यापुढे 'बरा' लिहायचं बळ उरलेलं नाही.

भादव्यापासून पावसानं तोंड दाखवलं नाही आणि तलावात निम्म्या धानाला पुरेल एवढंच पाणी उरलं, हे आपणास ठाऊक आहेच. धान नेमकं पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. आता एक पाणी मिळालं तर घरात तांदूळ, नाही तर गोठ्यात नुसती वाळकी तनस. खालच्या बाजूच्या तुमच्या धानाच्या चार बांध्या, ज्यांची रोवणी कुंता स्वतः चिखलात उभी राहून करून घेते, त्याही त्यातच आल्या. आणि पाणी कोणत्या बाजूला सोडायचं हे ठरवणारा समितीचा अध्यक्ष कोण, तर मी! कारण काय, तर माझं शेत विहिरीवर, तलावाखाली माझी एकही बांधी नाही, म्हणून मी निःपक्षपाती. (ज्याला दात नाहीत त्याच्याकडे चणे राखायला द्यावेत, त्यातला प्रकार.)

उन्हाळ्यात या पदापायी मला भंडाऱ्याला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथं एका साहेबानं शिकवलं की योग्य निर्णय घ्यायचा तर आधी स्वतः पाहणी करा, मग सगळ्यांचं ऐका, मग कागदाच्या मधोमध रेघ ओढून एकीकडे फायदे आणि दुसरीकडे तोटे लिहा. साहेबाचा आवाज फार गोड होता. त्याला कधी धान पिकवावं लागलं नसावं.

तरी मी पाहणीला गेलो. वरच्या बाजूचे लोक आपली काठी घेऊन आले, खालच्या बाजूचे आपली. एकाच तलावात एका काठीला पाणी दोन हात लागलं आणि दुसरीला पाच हात. मग मीच उतरलो. शेवाळावर पाय घसरला, एक चप्पल कायमची तलावाला अर्पण झाली, पण उभा राहिलो तेव्हा पाणी माझ्या छातीला लागत होतं. मी तसं जाहीर केलं. त्यावर वरच्या बाजूचे पुंडलिकराव (सत्तर बांध्यांचे धनी, आवाजही तेवढाच मोठा) तलावाच्या पाळीवरून ओरडले, "अध्यक्ष ठेंगणे हायेत, त्यायची छाती कायले धरता?" यावर अर्धा तास चर्चा झाली आणि मी अर्धा तास पाण्यात उभा होतो. अजून सर्दी आहे.

मग सगळ्यांचं ऐकायला बसलो. तीन दिवस घरात चहाचं भांडं चुलीवरून उतरलं नाही, रेशनची साखर संपली, नंतर गूळही संपला. येणारा प्रत्येक जण हात जोडून एकच सांगे, "तुमी जो फैसला कराल तो आमाले मंजूर हाय, फक्त पानी आमच्या बाजूनं सोडा." काही शहाणे म्हणाले की सगळ्यांना थोडं थोडं द्या. तेच तर आधीच्या अध्यक्षानं केलं होतं! तेव्हा कोणाचं मन दुखावलं नाही आणि कोणाचं धानही पिकलं नाही. सगळं गाव त्याला देवमाणूस म्हणतं आणि विकतचा तांदूळ खातं.

शेवटी रेघही ओढली. फायद्याच्या बाजूला काही सुचेना. तोट्याच्या बाजूला माझ्याशी बोलणं सोडणाऱ्यांची नावं लिहीत गेलो, ती मागच्या पानावर गेली. जागेश्वरराव, मला खरंच कंटाळा आला आहे. कोणाचं तरी धान वाळणार हे ठरलेलंच असताना त्या धानाच्या मालकाचं नाव आपल्या तोंडानं घ्यायचं, यालाच अध्यक्षपद म्हणतात. असो. निर्णय मात्र मी घेतला. सौ. पुष्पाबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
श्यामराव

ता. क. – निर्णय काय ते लिहायचं राहिलं. पाणी वरच्या बाजूला. खालचा पाट खेकड्यांनी पोखरला आहे, निम्मं पाणी वाटेतच मुरतं. पाणी सोडणाऱ्या सोमाजीनं मला पाटातून चालवत नेऊन एकेक भोक दाखवलं. वर सोडलं तर निदान अर्ध्या गावाचं धान नक्की पिकेल. म्हणजे तुमच्या चार बांध्या गेल्या. मला फार वाईट वाटतं, म्हणून वर लिहायला हात झाला नाही. माझ्या विहिरीवर जे पिकेल त्यातलं निम्मं तुमचं. नाही म्हणू नका.

दुसरा ता. क. – रविवारी सभा आहे. खालच्या बाजूचे म्हणतात की मी पुंडलिकरावांचा चहा पिऊन ठरवलं. (चहा माझ्याच घरचा, प्यायले ते.) तुम्ही उभं राहून "माझं धान गेलं तरी भाऊजीचा फैसला बरोबर हाय" एवढं म्हणालात तर लोक गप्प बसतील. मनापासून म्हटलं नाही तरी चालेल.

तिसरा ता. क. – सभेला आला नाहीत तरी भागेल, कारण धान थांबत नाही म्हणून गेट आज सकाळीच उघडलं. पण शहापूर तुमच्यापासून जवळ आहे. कुंता शनिवारी तिथून निघेल, त्याआधी तिला गाठा आणि घरापर्यंत सोडायला सोबत या. जाताना ती बजावून गेली आहे, "मी येतपर्यंत जागेश्वरच्या बांध्यायत पानी पोचलं पाह्यजे." अख्ख्या गावाला सांगितलं, तिला सांगायचं मला जमणार नाही. तुम्ही सांगा. भावाचं ती ऐकते. शनिवारी दुपारपासून मी पाळीवर बसलेला असेन. तिचा राग उतरला की सोमाजीच्या हाती निरोप द्या. नाही उतरला तर निरोपासोबत भाकर पाठवा.