उद्या कूलर बंद राहील

प्रिय ताई,

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय, तुझं पुण्यानुमोदन. जायला तू मे महिना निवडलास, त्यामुळे पाहुणेही मे महिन्यातच येणार. नागपुरात राहून एवढं तरी कळायला हवं होतं तुला! तर आज काकांशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तुझ्यासाठीच भांडलो, मग निकाल तुलाच नको का कळवायला?

भांडण तुझ्या त्या रेकॉर्डवरून. चौघांचं संथ जॅझ: पियानो, सॅक्सोफोन, उभ्यानं वाजवायचा तो अजस्र बास आणि ड्रम. संडे बाजारातल्या कबाड्याकडून आणलेली, वेष्टनाचा कोपरा उंदरानं खाल्लेली. पुण्यानुमोदनात बुद्धवंदना झाली की हिची एक बाजू वाजवायची, असं तू आजारपणात मला सांगितलं होतंस. सांगितलं कसलं, बजावलं होतंस.

काका म्हणाले, "काहून गा पंडित, पुण्यानुमोदनाले हॉटेलातला बाजा वाजवतेत का? लोकं काय म्हणतीन? हे आपलं होय का?"

हे आपलं होय का! आठवतं? मी कॉलेजात संस्कृत घेतलं, तेव्हा याच खुर्चीत बसून त्यांनी हेच विचारलं होतं. कॉलेजातल्यांनीही तेच विचारलं, फक्त जरा शुद्ध भाषेत. दोघांनाही तुझं उत्तर एकच: "ज्यानं मेहनत केली, त्याचं होते ते." आणि त्या दिवसापासून तू मला पंडित म्हणायला लागलीस. चिडवायला म्हणालीस, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

वेष्टनावर कोट घातलेले चार काळे तरुण. त्यांच्यावर बोट ठेवून म्हणायचीस, "पाह्य पंडित, यांच्या आज्यालेही कोणी दारातून आत घेत नव्हतं. आवाज चढवून नाही राहिले, पण कोणाची परवानगीही मागून नाही राहिले."

मी मात्र टिंगल करायचो. "तिघं वाजवून राहिले, हा चौथा संमार्जनी घेऊन काय करते वं?" संमार्जनी म्हणजे झाडू, तुझ्यासमोर मी मुद्दाम जडच शब्द वापरायचो. ड्रमवाला काठ्या सोडून तारांचे कुंचे फिरवायचा, कोणी अंगण झाडावं तसा. तू ऐकवलंस, "त्याच्याच झाडण्यावर बाकीचे तिघं उभे आहेत. चूप बस, आन् ऐक."

पण ऐकायचं कसं? तो कुंचा इतका हळू, की कूलरच्या घरघरीत पार बुडून जायचा. म्हणून भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, तू कूलर बंद करायचीस! आख्ख्या मनीषनगरात असा जुलूम कोणी केला नसेल. आई पदरानं वारा घेत पुटपुटायची, माझा बनियन पाठीला चिकटायचा, आणि तू डोळे मिटून, कपाळावरचा घाम न पुसता बसलेली. ताई, तुला खरंच गरम होत नव्हतं का गं? विचारायचं राहूनच गेलं.

आज काकांना सगळं सांगितलं. त्या आज्याचंसुद्धा. त्यांनी वेष्टन हातात घेऊन चौघांचे चेहरे एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "वाजव बाप्पा. पण कूलर बंद करू नको. म्हातारी माणसं येऊन राहिली."

बघ, कशी तडजोड काढली! कूलर चालू म्हणजे तो चौथा गेला. बाकीच्या तिघांना आत घ्यायचं आणि झाडणाऱ्याला दाराबाहेर उभं करायचं? आपल्या घरात? माझ्या हातून ते व्हायचं नाही.

म्हणून हा शब्द घे. उद्या वंदना होईपर्यंत कूलर चालेल, सगळ्यांना ताक मिळेल, कोणाची आबाळ होणार नाही. मग मी उठेन, बटण बंद करीन आणि बटणापुढेच खुर्ची टाकून बसेन. ज्याला उठून जायचं त्यानं खुशाल जावं. चौथा मात्र आत येईल, आणि बाजू संपेपर्यंत आतच राहील.

काकांसाठी हातपंखा आणून ठेवला आहे. फक्त हळू हलवा म्हणून सांगणार आहे, आवाज नको.

उद्या घाम न पुसणारा,
तुझा पंडित