साडेचार फूट ओटा

ती. सिद्रामप्पा दाजींना कल्याणप्पाचा शरणार्थ. इकडं सगळे खुशाल. कमलअक्काच्या गुडघ्याला उतार पडला का? तेल पाठवलं होतं ते चोळायला, दिव्यात घालायला न्हाय (अक्काचा हात मला ठाऊक आहे).

तुमच्या मुरुमच्या बाजारात आमच्याबद्दल तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल. लोक तिखटमीठ लावतात, म्हणून खरं काय ते गावच्या सरपंचानंच, म्हणजे मीच कळवतो. माझ्या इरम्माचं तुमच्या शांतलिंगशी ठरत आलंय, तेव्हा लपवून उपयोग न्हाय.

त्याचं असं झालं, पंचायत समितीनं यंदा आमच्या तरुण मंडळाला अनुदान दिलं. अट एकच, तरुण पोरापोरींनी एक दिवस ग्रामपंचायत चालवायची आणि एक तरी ठराव अमलात आणायचा. मी म्हटलं, लेझीम घ्या, ढोल घ्या, उरलं तर मला बसायला सतरंजी घ्या. पोरांनी काय घ्यावं? पन्नास फुटी मोजायची टेप! आता टेप काय वाजवता येते? पण गप्प बसलो, कारण मंडळाची सेक्रेटरी इरम्मा. (ती सातवी पास झाल्यापासून माझी सरपंचकी फक्त घराबाहेर चालते.)

सभेला समितीचे साहेब आले. मी फेटा बांधून असलं भाषण ठोकलं की चाँदपाशा मास्तरांनी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. शेवटी म्हणालो, तरुणांचा आजचा ठराव सगळ्या गावाला लागू, आणि पहिल्यांदा मला! (भाषण इरम्मानंच लिहून दिलं होतं. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.) टाळ्या थांबल्या तशी पोरगी उठली आणि ठराव मांडला, की सरपंचांचा ओटा मोजला असता गल्लीत साडेचार फूट पुढं आलाय, तो काढावा. साहेब माझ्याकडं बघून हसले. मीपण हसलो. तोंडातलं पान गिळलं ते वेगळंच.

दाजी, ओटा म्हणजे माझा जीव. सकाळचा चहा तिथं, संध्याकाळच्या गप्पा तिथं, तुम्ही जावई होऊन आलात तेव्हा तुमचे पाय धुतले तेही तिथंच. मी दोन दिवस जेवलो न्हाय (शेतात दोन भाकरी खाल्ल्या, त्या सोडा). इरम्मा भांडली न्हाय, रडली न्हाय. एवढंच म्हणाली, अप्पा, मागल्या साली गल्लीतल्या धुरपदाबाईचा पाय मोडला तेव्हा ओट्यामुळं बैलगाडी गल्लीत शिरेना, तिला बाजेवर घालून न्यावं लागलं. खरंच होतं. बाज जाताना मी ओट्यावर बसून 'हळू न्या रे' म्हणून ओरडत होतो. लई लाज वाटली, दाजी.

तिसऱ्या दिवशी पहिली पहार मीच घातली. पोरांनी दगड उचलले आणि धूळ बसायच्या आत बैलगाडी थेट धुरपदाबाईच्या दारात! म्हातारी काही काम नसताना गाडीत चढून बसली. गावाला दोन फेऱ्या झाल्या तरी उतरेना. गाव नुसतं हसत होतं, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. असली पोरगी माझ्या पोटी आली याचा मला अभिमान आहे, बाजारात लोक काहीही म्हणोत.

पण बापाला भर सभेत अडवणारी सून तुम्हाला चालेल का, ते मोकळ्या मनानं कळवा. न्हाय म्हणालात तरी माझा राग न्हाय. अक्काला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
कल्याणप्पा

ता. क. राग न्हाय असं वर लिहिलंय खरं, पण न्हाय म्हणू नका हो! शांतलिंगचं नाव निघालं की पोरगी भाकरी करपवते आणि करपलेली माझ्याच ताटात येते.

आणखी ता. क. लग्नाची तारीख कधीची धरू म्हणून इरम्माला विचारलं. म्हणाली, मुरुमच्या मामांचा (म्हणजे तुमचाच, दाजी) ओटा गल्लीत तीन फूट पुढं आहे, तो आधी निघू दे. मी म्हटलं, तुला गं कसं कळलं? तर शांतलिंगनंच मोजून कळवलंय. गेल्या बाजारापासून आमची टेप तुमच्याच घरात आहे. ओटा निघाला की वऱ्हाडाबरोबर तेवढी आठवणीनं घेऊन या, मंडळाच्या मालकीची आहे.