धाकट्याच्या जागी उभा राहिलेला कोंबडा

चिरंजीव बुन-लिआत यास अमोय बंदराहून थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. मनिलाचं पाणी तुला मानवलं असेल, अशी समजूत करून घेतली आहे. चार वर्षांत तुझी एक ओळ नाही, तेव्हा समजुतीवरच भागवतो. आईला आता अजिबात दिसत नाही, पण ऐकू नको तेवढं येतं.

तुझं लग्न लावलं हे मागे कळवलंच होतं. नवरा परदेशी, म्हणून आपल्या चिनी रीतीप्रमाणे सिऊ-गिमशेजारी तुझ्या जागी कोंबडा उभा केला. (तुझ्यापेक्षा शांत उभा राहिला.) तेव्हापासून आई त्याला तुझ्या वाटीतला भात घालते, आणि तो आरवला की म्हणते, "माझा लिआत सुखरूप आहे हो." गेल्या महिन्यात हे नवरदेव कोंबड्यांच्या मागे लागून कोंबडीवाल्याच्या डालग्यात शिरले आणि विकायच्या कोंबड्यांबरोबर थेट इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर पोचले. (कुणावर गेला, ते तूच सांग.) मी वखारीतलं काम टाकून सिऊ-गिमला घेऊन होडी काढली. वर खानसाम्याने सुरी उपसलेली. तुझी बायको होडीत उभी राहून ओरडली, "अहो, सोडा त्याला, नवरा आहे तो माझा!" दुभाष्या मेल्याने ते जसंच्या तसं सांगितलं. सगळं जहाज खो खो हसलं. वल्ही माझ्या हातात होती, नाहीतर मी पाण्यातच उडी मारली असती. कप्तानाने मात्र टोपी काढून कोंबडा तिच्या हाती दिला. परतताना आधी ती हसली, मग धक्का येईपर्यंत रडत राहिली. फार वाईट वाटलं रे.

ता. क. परवा कोंबडा मेला. आईला कळू नये म्हणून मी पहाटेच तसाच आरवणारा दुसरा आणला, तर खुराड्यात एक आधीच बसलेला! सिऊ-गिमलाही तेच सुचलं होतं. आता दोघेही आरवतात. आई सिऊ-गिमला विचारते, "लिआत बरोबर कुणाला घेऊन येतोय गं?"

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण आता लिहितो. तिकडे संसार थाटला असशील तर तसं कळव. मी रागावणार नाही. पोर बावीस वर्षांची आहे, तिला मोकळं करू. तिला न विचारता कसं धाडायचं, म्हणून एवढं तिला वाचून दाखवलं.

ता. क. तिसरा. ती म्हणाली, "भाऊजी, तेवढं खोडा. ते सुखरूप आहेत ना, एवढंच विचारा." मी बरं म्हणालो आणि तिच्यासमोर कागदावरून कोरडी लेखणी फिरवली. तिला वाचता येत नाही.