आमची इस्त्री गेली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला (की नुसती खोकायची सवय?) कसा आहे? माझी प्रकृती बरी आहे. जेवतो वेळेवर. काय जेवतो ते विचारू नकोस.

तुझ्या मागच्या पत्रातली ताकीद पोचली. महिनाअखेरपर्यंत चार माणसांशी धड बोललो नाही, तर तू येऊन मला सामानासकट उचलून नेणार. तू बोलतेस तसं करतेस, हे मी लहानपणापासून अंगावर सोसलं आहे. मला हे घर सोडायचं नाही. पण ही गेल्यापासून आठ महिने मी दूधवाल्याशीही मान हलवूनच बोलतो, हेही खरं. (पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं नळांचे नकाशे काढले. नकाशाला बोलावं लागत नाही. घरी दोघांच्या वाटचं ही बोलायची.)

तर रविवारी काय झालं ते ऐक. आपल्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे, त्याच्या दारावर एक कागद होता: ‘बंद पडलं असेल तर घेऊन या. रविवारी सकाळी अकरा, तळमजला. मोफत.’ मी घरातली इस्त्री कापडी पिशवीत घालून गेलो. तीच, आमच्या लग्नात तू दिलेली. आठ महिन्यांपूर्वी मी तिला पहिल्यांदा हात लावला आणि ती तापलीच नाही. तेव्हापासून चुरगळलेले शर्ट घालतो.

तळमजल्यावर दहा-अकरा माणसं खुर्च्या गोल मांडून बसली होती. कोणाच्याच हातात वस्तू नव्हती. मला वाटलं, ह्यांच्या वस्तू आत दुरुस्त होत असतील. (दुरुस्तीवाल्यांच्या खोलीचं छत गळत होतं म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं होतं, आणि ही मंडळी एकमेकांशी मनातलं बोलायला जमली होती, हे मला कोण सांगणार? कागद मात्र काढायचा राहिला होता.) पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो. मधे एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही नवीन दिसता. काय झालंय? सावकाश सांगा, घाई नाही.”

म्हटलं, दुरुस्तीवाले असून किती मायाळू. मी सांगितलं, “आमची इस्त्री गेली.”

माझ्या शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण ह्या बाबतीत बाकीच्यांचेही कान तेवढेच निघाले. सगळ्यांनी ‘स्त्री’ ऐकलं. कंडक्टरांनी टोपी काढली आणि विचारलं, कधी? आठ महिने झाले, मी म्हणालो. अचानक? हो, एकदम हात लावला तर गार. कोपऱ्यातल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. वय किती होतं, असं कंडक्टरांनी विचारलं. वस्तूचं वय विचारतातच, म्हणून मी सांगितलं, एकतीस. “अरेरे! माझ्या मुलीएवढी!” ते म्हणाले. मला त्यांच्या मुलीचा संबंध कळला नाही. मी आपलं सांगितलं, की लग्नात थोरल्या बहिणीने दिली होती, कधी तक्रार नाही, फक्त मधूनमधून चटका द्यायची. नर्सबाई म्हणाल्या, तेवढं चालायचंच. मग मला जरा धीर आला, आणि मी म्हणालो, की परगावी असलेला आमचा मुलगा दुसरी आणू म्हणतो, आता वाफेवर चालणाऱ्या मिळतात, पण माझं मन होत नाही.

ताई, अशी शांतता मी कचेरीत साहेब आल्यावरही ऐकली नव्हती.

“वाफेवर?” कंडक्टर म्हणाले. मी पिशवीतून इस्त्री काढून दाखवली.

आधी कोपऱ्यातल्या बाई हसल्या, मग सगळेच. कंडक्टर तर खुर्चीवरून घसरले, आणि त्यांना धरताना मीही हसलो. आठ महिन्यांनी हसलो, त्यामुळे बरगड्या दुखल्या. सगळे डोळे पुसत असताना नर्सबाईंनी हळूच विचारलं, “पण घरी इस्त्री करायचं कोण?”

मी म्हणालो, “ही.” आणि पुढचा शब्द फुटेना.

मग फुटला. वीस मिनिटं बोललो म्हणे. ही माझे शर्ट करताना कशी स्वतःशीच भांडायची, कचेरीला निघालो की पाठीवरून कसा एकदा हात फिरवायची, कुठे सुरकुती राहिली का बघायला. कोणी मला गप्प बस म्हणालं नाही, की धीर धर म्हणालं नाही. कंडक्टरांनी रुमाल दिला. तोही चुरगळलेला होता. त्यांचीही दोन वर्षांपूर्वी गेली. (स्त्री.)

तेव्हा तुझ्या चार माणसांच्या जागी माझी अकरा भरली. आता मला तिथे ‘इस्त्रीवाले’ म्हणतात. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. इस्त्री वरच्या मजल्यावर दाखवली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी तिथेच लावली, तर मिनिटात तापली. तिला काहीही झालेलं नाही. घरी येऊन शोधलं, तर कपाटामागे इस्त्रीच्या प्लगचं आणखी एक बटण निघालं. ही काम झालं की ते बंद करायची. एकतीस वर्षं मला ते माहीतच नव्हतं.

आणखी ता. क. तेव्हा मला न्यायला येऊ नकोस. दर रविवारी मी कामात असतो. नुसती राहायला मात्र ये, आणि लवकर ये. येत्या रविवारी कंडक्टर त्यांचे चार शर्ट आणणार आहेत, कारण मी त्यांना शिकवतो म्हणून बसलो आहे. तुम्ही दोघी गप्पा मारत इस्त्री करायचात, तेव्हा मी शेजारीच पेपर वाचत असायचो, पण मान वर करून कधी पाहिलं नाही. ही आधी कॉलर करायची, की बाह्या?