वाचनालयाबाहेरच्या फलकावरून उतरवलेली बाईंची यादी

प्रति,
माननीय संचालक,
यकृतविकार संशोधन संस्था.

विषय : दिवंगत संशोधक बाईंच्या शोधनिबंधांची यादी फलकावर पुन्हा लावणे व खऱ्या चुकीची नोंद माझ्या नावे करणे याबाबत.

संदर्भ : ‘ज्यांचा निबंध मागे घेतला गेला आहे, त्यांच्या याद्या काढाव्यात’ ही आपली गेल्या महिन्यातील सूचना.

महोदय,

जरा खुर्ची पुढे ओढून घ्यावी. एक हकिकत सांगायची आहे, आणि ती लांबून ऐकण्यासारखी नाही. मी देवाची आख्याने ऐकत वाढलेला माणूस. मुद्द्यावर यायला थोडा वेळ लागेल, सांभाळून घ्यावे.

१. मी या संस्थेत एकोणतीस वर्षे रक्ताचे नमुने सांभाळतो. बाईंनी विषाणूजन्य काविळीवर एकोणचाळीस निबंध लिहिले. त्यातला एक त्यांनी स्वतः मागे घेतला. त्या एकापायी बाकीचे अडतीसही फलकावरून उतरले.

२. तो निबंध बारा रुग्णांवरचा होता. दोन सख्ख्या बहिणी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या; थोरलीला नवे औषध, धाकटीला जुने. त्या आठवड्यात शीतपेटी बंद पडली, बर्फ वितळला आणि नळ्यांवरच्या चिठ्ठ्या सुटल्या. बाईंना विचारायला हवे होते. पण मला रुग्ण तोंडपाठ, याचा मला भारी अभिमान. नळ्या खाटांच्या क्रमाने लावलेल्या होत्या; त्याच क्रमाने मी चिठ्ठ्या परत चिकटवल्या. धाकटीला खिडकी हवी म्हणून बहिणींनी आदल्याच दिवशी खाटा बदलल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हते.

३. थोरलीच्या रक्तातला विषाणू गेला, असे त्यामुळे छापून आले. तिला घरी सोडले. दीड वर्षाने ती पोटात पाणी घेऊन परत आली. बाईंनी नोंदवही काढली, चिठ्ठ्या परत चिकटवल्याची माझ्या अक्षरातली नोंद पाहिली, मला बोलावले. मी रडू लागलो तर म्हणाल्या, “रडता काय? आधी तिचं रक्त घेऊन या.” थोरली वाचली. आज नातवंडे खेळवते.

४. चौकशीत चूक कोणाची असे विचारले, तेव्हा बाईंनी लिहून दिले : ‘माझी.’ मी आडोशाला गाठून विनवले. त्या म्हणाल्या, “निबंधावर नाव कोणाचं आहे? माझं ना? मग तपासायचं कामही माझंच होतं. तुम्ही तुमच्या नळ्या सांभाळा.” मी सांभाळल्या, महोदय. आठ वर्षे नळ्या सांभाळल्या आणि तोंडही सांभाळले. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसलो. गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या, तेव्हाही गप्पच होतो.

५. बाईंच्या आई दर गुरुवारी येतात. वय ब्याऐंशी, वाचता येत नाही. फलकासमोर मला उभे करून म्हणतात, “यकृत तेवढं मला कळतं, बाकी तू म्हण.” मी एकेका निबंधाचे नाव मोठ्याने म्हणत असे आणि त्या डोळे मिटून मान डोलावत. आता तिथे यादीची काचेची चौकट नाही, नुसते चार खिळे आहेत. पहिल्या गुरुवारी मी सांगितले, “आजी, काच पुसायला नेली आहे.” दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी त्या घरून ओला फडका पिशवीत घालून आल्या. म्हणाल्या, “तुमच्याकडे माणसं कमी असतील रे. दे इकडे, मीच पुसते.”

६. यापुढे खोटे सांगायला माझी जीभ रेटत नाही. तरी विनंती की यादी पूर्ण, मागे घेतलेल्या निबंधासकट, पुन्हा लावावी. त्या ओळीपुढे ‘चूक नमुने सांभाळणाऱ्याची, उघडकीस आणली संशोधकाने’ असे लिहावे. आणि माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. निवृत्तीला सात महिने आहेत म्हणून दया दाखवू नये.

नियमात यातले काहीच बसत नसेल, तर निदान एवढे करावे. उद्या कोणी आपली चूक आपल्या पायांनी चालत येऊन तुमच्या टेबलावर ठेवील. त्याची यादी उतरवण्याआधी, महोदय, क्षणभर आमच्या बाईंची आठवण काढावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, नम्र,
(सही)
नमुनारक्षक, तळमजला

दिनांक : ३ फेब्रुवारी

सोबत : १) नमुना नोंदवहीचे पान, माझ्या अक्षरातले.
२) थोरल्या बहिणीचे पत्र.